दातानं फाटलेली मूठ

पडलेल्या माणसाचा हात मनगटाशी मोडतो. तोल गेला की माणूस आपसूक जमिनीकडे पंजा नेतो, सगळा भार पंजावर येतो आणि मनगटाजवळचं हाड जातं. पण कुणी काठी उगारली तर माणूस डोकं वाचवायला हात आडवा धरतो. मग मोडतं ते करंगळीच्या बाजूचं हाड, आणि तेही मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. हे मी पुस्तकात वाचलं नाही, हात बघून बघून शिकलो. आणि शिकून बरीच वर्षं त्याचा काही उपयोग केला नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

निजामी अमलात बिदर जिल्ह्यातल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात मी ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, डॉक्टर हाड बसवायला लागले की रोग्याचे खांदे दाबून धरणारा. दवाखान्याच्या कागदात ड्रेसर, गावात कंपौंडर आणि सासुरवाडीला डॉक्टर. आमची जात धनगराची. बापानं जन्मभर मेंढरं राखली. मेंढीचा पाय मोडला की तो बांबूच्या कामट्या लावून, वर लोकर गुंडाळून असा बांधायचा की महिन्यानं ती कळपात पळायची. हाताची कला मला तिथूनच आली. दवाखान्यात फक्त लोकरीच्या जागी कापूस मिळाला, आणि तोही पुढं लढाईच्या दिवसांत मिळेना. एकेक पट्टी उकळून, वाळवून आम्ही पाच-पाच वेळा वापरत असू.

दवाखान्यात येणारा माणूस खोटं बोलतो. म्हातारे कमी बोलतात, बायका धाकापोटी बोलतात, आणि पंधरा ते वीस वर्षांची पोरं जवळजवळ सगळीच बोलतात. बैलानं ढुसणी दिली. विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलो. झाडावरून पडलो. मार खाल्ला म्हणायची लाज, आणि मार दिला म्हणायची भीती. आम्ही ते ऐकून घेत होतो आणि रजिस्टरात तसंच लिहीत होतो. कारण खरं लिहिलं तर अमीनसाहेबाला, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराला, कळवावं लागे. अमीन आला की दोन्ही घरांतली माणसं ठाण्यात नेऊन बडवायचा, आणि सुटून आल्यावर त्या माणसांचा राग आमच्यावर निघायचा.

दशरथ नावाचा एक पोरगा होता, सोळा-सतरा वर्षांचा. लाल दगडाच्या खाणीत कामाला जायचा. एका हिवाळ्यात तो तीनदा आला. पहिल्यांदा पाठीवर वळ घेऊन, दुसऱ्यांदा कान फुटून. दोन्ही वेळा म्हणाला, दगड निसटून लागला. तिसऱ्यांदा त्याचा हात मोडला होता, करंगळीच्या बाजूनं, मधोमध. मी कामट्या बांधल्या. बांधताना तो सारखा दाराकडे बघत होता. बाहेर खाणीतलीच तीन-चार मोठी पोरं बसली होती, त्याला घेऊन आलेली. मला सगळं दिसलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, आणि काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

चौथ्यांदा त्याला बाजेवर घालून चौघांनी आणलं, तेव्हा तो गेलेला होता. खाणीत पडला म्हणाले. त्याचा बाप दवाखान्याच्या ओट्यावर बसला होता. त्यानं मला विचारलं, "अण्णा, तीनदा आलता न्हवं तुमच्याकडं? तुमाला काय सांगितलं व्हतं का त्यानं?"

मी म्हणालो, "न्हाई."

ते खरं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. बापाला मी पुढचं काही बोललो नाही. तेव्हापासून कुठलंही तरणं पोर हात धरून दारात आलं की मी आधी बाहेर कोण बसलंय ते बघायचो. ती सवय पुढं कधी गेली नाही.

आता सिद्राम आणि नागनाथ यांची गोष्ट. दोघं एकाच गावचे, दवाखान्यापासून दोन कोसांवरच्या. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची घरं अजून तिथं नांदताहेत.

उन्हाळा होता. गावोगावच्या जत्रा चालल्या होत्या. बाजाराच्या दिवशी सकाळी सिद्राम आला. धनगराचा पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगानं किरकोळ. वरचा ओठ फाटलेला आणि पुढचा एक दात अर्धा मोडलेला.

"काय झालं रं?"

"पायरीवरून पडलाव."

पायरीवरून तोंडावर पडलेल्याच्या हनुवटीला, नाकाला, हाताच्या तळव्यांना खरचटतं. याचे तळवे स्वच्छ होते. मी ओठाला दोन टाके घातले आणि एक दिवसाआड यायला सांगितलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नागनाथ आला. मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा, चांगला दणकट, वय तेवढंच. उजवी मूठ सुजून नारळाएवढी झालेली, अंगात ताप. मधल्या बोटाच्या गाठीवर लहानशी जखम होती, तिच्यातून घाण वास येत होता.

"बाभळीचा काटा लागला," तो म्हणाला.

ही जखम मी ओळखत होतो. दिसायला एवढीशी असते, म्हणून लोक हळद लावून गप्प बसतात. दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला की त्याचा दात मुठीच्या गाठीत घुसतो आणि तोंडातलं विष थेट सांध्यात जातं. तीन दिवसांत हात सडायला लागतो. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी जखम उघडली, चिमटा आत घातला आणि दाताचा एक पांढरा टवका काढून तामचिनीच्या ताटलीत टाकला. टण्ण असा बारीक आवाज झाला. नागनाथनं तोंड फिरवलं.

डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "बिराप्पा, ये काटा किसका है, तुमे मालूम?"

"हौ साब," मी म्हणालो. "परसों ओठ सीने कू आयाथा, उसका."

त्यांनी नुसती मान हलवली. "इसकू रख लेव. हात जाएंगा नहीं तो."

आमच्याकडे रोग्यांसाठी एका खोलीत तीन खाटा होत्या. नागनाथला खिडकीजवळच्या खाटेवर घातलं. दर दोन तासांनी मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवायचा, पू काढायचा, जांभळ्या औषधानं धुवायचं. हे काम माझं आणि शांताक्काचं. शांताक्का म्हणजे आमची आया, कानानं जरा कमी, पण हातानं खंबीर.

आता माझी अवस्था बघा. मार देणारा खाटेवर पडलेला, आणि मार खाल्लेला एक दिवसाआड टाक्यांसाठी येणार, त्याच दारातून. मध्ये एक पडदा. ड्रेसिंगची खोली आणि खाटांची खोली यांना जोडणाऱ्या दाराला फळ्याच नव्हत्या, एक चादर लावलेली होती.

दशरथची आठवण होती म्हणून या वेळी मी नागनाथला विचारलं. हात गरम पाण्यात होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"नागनाथ, मला खरं सांगितलंस तरी मी कुणाला सांगत न्हाई. पण घरी गेल्यावर पुढं काय हुणार हाय?"

त्यानं बुडवलेला हात पाण्यात हलवला. मग म्हणाला, "अण्णा, मला लवकर घरी धाडू नगा."

"कामून?"

"जत्रंत पाळण्यातून उतरताना म्या पडलो. धोतर अडकलं. समदी हसली. सिद्रामबी हसला. मला त्येचंच हसू दिसलं. म्हणून मारलं त्येला, दुसऱ्या दिवशी." मग तो म्हणाला, "माझे भाऊ म्हणतेत, हात बरा हू दे, मग तिघं मिळून त्येचे पाय मोडू. मला जायचं न्हाई. पण न्हाई म्हणलं तर घरात मला बायकू म्हणतेत."

एका हसण्यावरून हे सगळं. मी तुम्हाला सांगतो, पुढच्या वर्षांत ज्या पोरांना विचारलं त्यांतल्या निम्म्यांची गोष्ट अशीच निघाली. कुणीतरी चारचौघांत हसलेलं असतं.

सिद्राम टाक्यांसाठी आला तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नागनाथ हितंच हाय म्हणं. किती दिस ऱ्हाणार?" माझ्या हातातली कात्री थांबली. मी म्हणालो, "ते डॉक्टरसाहेबाला ठावं." तो पडद्याकडे बघत होता. रागानं नाही. दशरथ दाराकडे बघायचा तसा.

त्यानंतरचा दिवस सिद्रामच्या पट्टीचा नव्हता. डॉक्टरसाहेब पटकीची सुई टोचायला कमठाण्याकडे गेले होते. भर दुपार, उन्हानं बाहेरची पांढरी माती डोळ्यांत खुपत होती, ओट्यावर एकही रोगी नव्हता. मी पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. पाय वाजले म्हणून बघितलं तर सिद्राम दारात. वहाणा बाहेर काढून तो आत आला आणि बाकावर बसला.

"आज कामून आलास?"

"बरगडी दुखाय लागलीय."

त्याची बसायची तऱ्हा मला बरोबर वाटली नाही. डावा हात तो बरगडीशी धरून होता, पण बरगडी दुखणारा माणूस त्या बाजूला वाकतो, हा ताठ होता. मी म्हणालो, "बंडी काढ, बघतो." त्यानं काढली नाही. मी जवळ गेलो आणि बंडीखालचा उंचवटा मला दिसला. धनगराच्या पोटी जन्मलो म्हणून ओळखता आला. लोकर कातरायच्या कातरीचं एक पातं मोडून, टोकाला घासून, खाली चिंधी गुंडाळलेलं. बापाच्या हातात जन्मभर बघितलेली वस्तू.

पडद्यापलीकडे नागनाथ तापात निजला होता, उजवा हात पट्टीत. शांताक्का मागच्या अंगणात पट्ट्या वाळत घालत होती, हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नसतं. पळत जाऊन अमीनाला सांगावं असं एकदा मनात आलं. पण मी दारातून बाहेर पडलो असतो तर पडद्यापाशी कुणीच उरलं नसतं. मी स्टूल ओढलं आणि पडद्याला पाठ लावून, सिद्रामच्या समोर बसलो. शौर्य म्हणून नाही, त्या दाराला फळ्या नव्हत्या म्हणून.

"सिद्राम," मी म्हणालो, "बापाच्या कातरीचं पातं हाय का त्ये?"

त्याचा हात बंडीवर गेला.

"तुला राग आलाय की भ्या वाटायलंय?"

हा प्रश्न मला कसा सुचला ते आज सांगता येत नाही. त्याचा फाटलेला ओठ हलला. "बाजूला व्हा अण्णा," तो म्हणाला. "तुमच्याशी माझं काय न्हाई."

"म्या हितून हलत न्हाई. तू बोल."

"त्यो उठला की तिघं मिळून मला मारणार हायत. गावात समद्यांना ठावं हाय. म्या रानात एकटा असताव मेंढरामागं. कोण येणाराय मला सोडवाया? आता त्यो पडलाय तवरच..."

आणि तेवढ्यात बाहेर बोलणं ऐकू आलं. नागनाथचे थोरले दोघे भाऊ भाकरी घेऊन आले होते. दोघांच्या हातात काठ्या. शेतकऱ्याच्या हातात काठी असतेच, पण त्या दुपारी मला फक्त काठ्याच दिसल्या. मी उठून ड्रेसिंगच्या खोलीचं बाहेरचं दार अर्धं ओढून घेतलं आणि फटीत उभा राहिलो. माझ्या पाठीमागं सिद्राम, त्याच्या पाठीमागं पडदा, पडद्यामागं नागनाथ.

थोरला ओट्यावर चढला आणि थांबला. दाराशी सिद्रामच्या वहाणा होत्या, मेंढक्याच्या जाड तळाच्या, करकर वाजणाऱ्या. आसपासच्या गावांत तसल्या वहाणा धनगरच घालतात.

"ह्या वहाणा कुणाच्या वो, अण्णा?"

माझ्या मागं बंडीचं कापड सरकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"माझ्या मेव्हण्याच्या," मी म्हणालो. "नौबादहून आलाय. पाठीला गळू झालंय, उघडा बसलाय आत. तुमी मागच्या अंगानं जावा, शांताक्का हाय तिकडं. भाकरी तिच्याकडं द्या. नागनाथ निजलाय, उठवू नगा."

थोरल्यानं वहाणांकडे पुन्हा एकदा बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. घाम माझ्या पापणीवरून डोळ्यांत उतरला, पण मी तो पुसला नाही, दारावरचा हात काढायचा नव्हता. धाकटा म्हणाला, "चल की, ऊन लागायलंय." ते मागं गेले, भाकरी दिली आणि गेले. त्यांची पावलं दूर जाईपर्यंत मी मनात आकडे मोजत होतो. किती मोजले ते आठवत नाही.

वळून बघितलं तर सिद्राम बाकावर नव्हता. भिंतीला टेकून खाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. पातं त्याच्यासमोर फरशीवर पडलं होतं. तो रडत होता, पण आवाज येत नव्हता. मी पातं उचललं आणि औजारं उकळायच्या भांड्यात टाकून झाकण लावलं. दुसरी जागाच सुचली नाही.

"तुमी कामून खोटं बोललाव?" त्यानं विचारलं.

"दोघं मेला असता तर पट्ट्या कुणाला बांधू?" मी म्हणालो. उत्तर काही शहाणपणाचं नव्हतं.

ती रात्र तो माझ्या घरी राहिला. बायकोला हा एक रोगी आहे एवढंच सांगितलं. दुपारच्या टपालवाल्याबरोबर नौबादला त्याच्या मामाकडे निरोप धाडला होता. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी चालत आला. त्याला मी सगळं सांगितलं. सांगताना सिद्रामला समोर बसवलं, त्याच्या माघारी बोललो नाही. मामा ऐकून घेऊन म्हणाला, "माझी मेंढरं आता कडगंचीच्या रानात हायत. पाऊस लागेपतुर तिकडंच. ह्येला घिऊन जाताव." तो भाच्याला एक शब्दही रागानं बोलला नाही. ते मला फार बरं वाटलं.

डॉक्टरसाहेब आल्यावर त्यांनाही सांगितलं. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी नागनाथच्या भावांना बोलावलं नाही, आईला बोलावलं. तिच्यासमोर हाताची पट्टी सोडली. मधलं बोट काळं पडलं होतं, ते काढावंच लागणार होतं. तिला त्यांनी सावकाश सांगितलं की पोराचा जीव वाचतो आहे, पण या हातानं पुन्हा कुणाला मारलं तर हात राहणार नाही, आणि याच्या वतीनं कुणी मारलं तरी त्याचा जाब आपण तिलाच विचारू. मी मराठीत सांगत होतो. ती माउली मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घरातल्या दोघांला म्या बघती." नागनाथला आठवड्याऐवजी डॉक्टरसाहेबांनी महिनाभर ठेवून घेतलं. भावांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "खाट कब खाली करना, मैं बोलता. तुमे नक्को बोलो."

हे सगळं बरोबर केलं का, ते मला ठाऊक नाही. कायद्यानं अमीनाला कळवायला हवं होतं. आणि सिद्राम गाव सोडून गेला हा न्याय नव्हता. मार त्यानं खाल्ला होता आणि घरही त्यालाच सोडावं लागलं. याची रुखरुख मला आहे. पण मला त्या वेळी एवढंच कळत होतं की दोघं भ्यालेले आहेत, आणि भ्यालेल्या पोरांना एकमेकांपासून लांब ठेवून वेळ काढायचा.

पाऊस लागल्यावरही सिद्राम मामाकडेच राहिला. वर्षभरानं बातमी आली की त्याची आई आजारी आहे आणि तो गावी परतला आहे. त्यानंतरचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रस्त्यावर धूळ उडाली की मी ओट्यावर येऊन उभा राहायचो. शांताक्का म्हणायची, "कुणाची वाट बघायलास?" मी पुन्हा रस्त्याकडे बघायचो.

चौथ्या दिवशी दुपारी एक बैलगाडी दवाखान्याकडे वळली. कुणीतरी आडवं झोपवलेलं होतं, वर चादर होती. मला ओट्याच्या पायऱ्या उतरवेनात. गाडी जवळ आली तेव्हा दिसलं की चादरीखाली एक म्हातारी आहे, तापानं कण्हते आहे, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन सिद्राम बसला आहे. गाडी हाकत होता नागनाथ. कासरा त्यानं डाव्या हातात धरला होता.

दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मीही काही विचारलं नाही. नागनाथ खाली उतरला, जुवाला हात लावून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "गावात दुसरी गाडी न्हवती मोकळी. आन् ही बैलं दुसऱ्याला हाकू देत न्हाईत."

मी म्हणालो, "धर मग तिकडून."

सिद्रामनं खांद्यांकडून धरलं, नागनाथनं पायांकडून. म्हातारीला आत आणून आम्ही खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं.